झेंडूचा हार आणि सुनिलचा कोपर

खोल समुद्रात तीन पायांवर उभ्या असलेल्या एका रिगवर ऋषभ सावे जे काम करत होता, ते त्याला घोलवडमध्ये कुणाला धड समजावून सांगता आलं नव्हतं. म्हणून ती जबाबदारी त्याच्या वडिलांनी घेतली होती. समुद्राच्या पोटातली विहीर उसळली तर तिचं नाक दाबायचं काम आमच्या ऋषभकडे आहे, असं गोविंदराव वाडीत चिकू उचलायला आलेल्या व्यापाऱ्यांना सांगत. व्यापारी 'बहु सरस, बहु सरस' म्हणत आणि त्याच दमात चिकूचा भाव पाडत.

गोविंदरावांचं वर्णन तसं चुकीचं नव्हतं. तेलाच्या विहिरीच्या तोंडावर लोखंडी जबड्यांची एक चळत बसवलेली असते, तिला बीओपी म्हणतात. खालून वायूचा लोंढा वर आला तर हे जबडे मिटतात आणि विहिरीचं तोंड बंद होतं. ते मिटवणारं तेल मोठ्या दाबाखाली बाटल्यांच्या रांगेत भरून ठेवलेलं असतं. वीज गेली, पंप बसला, तरी साठवलेला दाब आपलं काम करतो. हे सगळं ज्याच्या ताब्यात असतं ते कंट्रोल युनिट ऋषभच्या ताब्यात होतं. त्याच्यावर एका ओळीत हँडलं. एकेका जबड्याला एकेक. विहीर खणायचं यंत्र चालवणारा ड्रिलर लांब आपल्या केबिनमधून बटण दाबतो आणि इथे हवेच्या जोरावर हँडल आपोआप फिरतं.

ओळीतलं शेवटचं हँडल फार वाईट. त्याचा जबडा मिटला की मध्ये आलेला पोलादी पाइपसुद्धा काकडीसारखा कापला जातो. म्हणून त्याच्यावर झाकण असतं. हे झाकण उगाच उघडायचं नाही, एवढं शिकवायला कंपनीने ऋषभला खास कोर्सला पाठवलं होतं, आणि त्या कोर्सात तो पहिला आला होता.

दोन हजार सतराच्या खंडेनवमीला त्याने ते झाकण उघडलं. गंध लावायला.

यात त्याची बाजू अशी होती. सावेंच्या घरात खंडेनवमीला एकही अवजार पूजेविना राहत नाही. कोयते, फवारणीचा पंप, चिकू काढायच्या जाळीच्या काठ्या, इतकंच काय, नारळ किसायची विळीसुद्धा पाटावर बसते. एका वर्षी विहिरीवरची मोटर विसरली गेली आणि ती माघात जळली. तेव्हापासून कुसुमबाई, म्हणजे ऋषभची आई, कुठल्याच यंत्राचा रुसवा ओढवून घ्यायला तयार नव्हत्या. समुद्रातल्या यंत्राचा तर नाहीच, कारण त्याच्याशेजारी त्यांचा मुलगा झोपत होता. पाच हँडलांपैकी चारांना गंध लावायचं आणि सगळ्यात रागीट हँडलाला कोरडं ठेवायचं, हे ऋषभच्या हाताला जमेना. त्याने झाकण उघडलं, गंध लावलं, आणि सगळ्या हँडलांना मिळून एक हार घातला.

हारही घरचाच. ऋषभ ड्यूटीवर निघाला तेव्हा कुसुमबाईंनी तो ओल्या फडक्यात गुंडाळून बॅगेत दिला होता. हेलिपॅडवरच्या सुरक्षारक्षकाने तो बाहेर काढून, हुंगून, आदराने परत ठेवला होता. पुढे तो रिगच्या भटारखान्यात दह्याच्या डब्यांमध्ये विसावला. सुताचा दोरा एवढा प्रवास सोसणार नाही, म्हणून कुसुमबाईंनी झेंडू नायलॉनच्या सुतळीत ओवला होता. चिकूची खोकी बांधायची सुतळी. त्या सुतळीने बांधलेलं खोकं दिल्लीच्या स्टेशनवर फेकलं तरी उघडत नाही, अशी तिची ख्याती. हार अंमळ आखूड पडला, म्हणून ऋषभने तो हँडलाहँडलात अडकवून ताणून बसवला आणि दोन्ही टोकांना खोक्यांना मारतात ती घोलवडची गाठ मारली. मग दोन पावलं मागे होऊन हात जोडले. युनिट सुरेख दिसत होतं. फक्त दाबमापकाच्या काचेवर थोडं कुंकू सांडलं होतं.

तेवढ्यात सुनिल वरठा तिथून चालला होता. सुनिल तलासरीकडचा, कंत्राटी कामगार. ऋषभनेच त्याला रिगवर चिकटवला होता. ऋषभ त्याला म्हणाला, एवढी काच पुसून घे, मी पेढे वाटून येतो.

पेढ्यांचं ताट घेऊन ऋषभ जेवणाच्या खोलीत पोचला आणि सरावाचा भोंगा वाजला. खरा धोका नव्हता. विहीर उसळली असं समजून सगळ्यांनी आपापल्या जागी पळायचं, अशी ती नेहमीची कवायत. ऋषभची जागा युनिटपाशी. त्याने ताट स्वयंपाक्याच्या हातात कोंबलं आणि पळाला. पण ड्रिलरचं बोट त्याच्या पायांपेक्षा जवळ होतं. ड्रिलरने पहिल्या जबड्याचं बटण दाबलं. पहिलं हँडल फिरलं. त्याने हार ओढला, हाराने दुसरं हँडल ओढलं, दुसऱ्याने तिसरं. सुताचा दोरा असता तर तिथेच तुटला असता. चिकूची सुतळी तुटली नाही. शेवटचं हँडल, गंध लावलेलं, झाकण उघडं असलेलं, सगळ्यांच्या मागोमाग शिस्तीत फिरलं, आणि खाली विहिरीच्या तोंडाशी पोलादी पाइपाचे दोन तुकडे झाले.

कुणाला खरचटलंही नाही. पण पाइपाचा खालचा तुकडा विहिरीत पडला. तो बाहेर काढायच्या कामाला त्या धंद्यात फिशिंग म्हणतात. नाव ऐकून डहाणूच्या बंदरावरच्या माणसाला मजा वाटेल, पण रिगवर ते नाव निघालं की मोठमोठे साहेब जेवण टाकून उठतात.

ऋषभ पोचला तेव्हा हार तारेसारखा ताणलेला होता. काय झालं ते त्याला क्षणात कळलं. कळायला थोडा वेळ लागला असता तर पुढचं काही झालं नसतं, असं त्याला नंतर पुष्कळदा वाटलं. बाजूला सुनिल काच पुसायचं फडकं छातीशी धरून उभा होता. तो त्या हँडलांकडे नाही, आपल्या उजव्या कोपराकडे बघत होता.

ऋषभने खिशातला चाकू काढून हार कापला, तेव्हाही सुनिलची नजर कोपरावरच होती. आता कापलेला हार हातात आला की माणूस काय करतो? निर्माल्य कचऱ्यात टाकत नाहीत. तो कठड्यापाशी गेला, हार समुद्रात सोडला आणि हात जोडले. पुरावा नष्ट करताना नमस्कार करणारा तो त्या रिगवरचा पहिलाच माणूस असावा. झेंडू बराच वेळ पाण्यावर तरंगत राहिला. कुणी पाहिला असता तरी विचारलं नसतं. त्या दिवशी क्रेनपासून चहाच्या मशीनपर्यंत सगळ्यांच्या गळ्यात हार होते, आणि खंडेनवमीला हार कुणाच्या नजरेत भरत नाही.

चौकशी झाली. बेस मॅनेजर देवस्थळी मुंबईहून पुढच्याच हेलिकॉप्टरने आले. शांत, नीटनेटके गृहस्थ. बोलताना पेनाचं टोपण लावत आणि काढत. युनिटपाशी कोण होतं? सुनिल. काय करत होता? काच पुसत होता. भोंगा वाजल्यावर दचकला का? दचकला. हात कुठे गेला? सुनिलला आठवेना. कोपर हँडलाला लागला असेल का, असं साहेबांनी फार मायेने विचारलं. सुनिल म्हणाला, असेल साहेब.

मग देवस्थळींनी ऋषभकडे पाहिलं. तो त्या खोलीतला जाणकार. कोपराने असं होऊ शकतं का, एवढंच त्यांनी विचारलं.

"तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे," ऋषभ म्हणाला.

आयुष्यात त्याने खोटं पुष्कळ बोलून पाहिलं होतं, पण इतकं शुद्ध मराठीत कधी नाही. त्या संध्याकाळच्या बोटीने सुनिलला किनाऱ्यावर पाठवलं आणि त्याचा रिगवर यायचा पास अडकवून ठेवला.

ऋषभ सुट्टीवर घरी आला तेव्हा त्याने पायावर पाणी घ्यायच्या आधीच कुसुमबाईंनी विचारलं, हार टिकला का?

टिकला, तो म्हणाला. जरा जास्तच टिकला.

कुसुमबाई खूश झाल्या. त्यांनी ती नायलॉनची युक्ती शेजारी-पाजारी सांगितली. गोविंदरावांनी व्यापाऱ्यांना सांगितलं, की विहिरीचं नाक दाबायचं काम आमचा ऋषभ करतोच, पण त्यासाठी हार इथून जातो. ऋषभ वाडीत चिकूच्या झाडाखाली जाऊन बसला. तिथेही बायका खोकी बांधत होत्या आणि सुतळी सर्र सर्र ओढल्याचा आवाज येत होता. तो उठून समुद्रावर गेला. समुद्रावर तर जायलाच नको होतं.

दिवसा कुणी 'काय रे ऋषभ' म्हटलं तरी तो 'मी काय केलं' असं तोंड करी. त्यातच एका दुपारी फोनवर कंपनीचं परिपत्रक येऊन पडलं. देवस्थळी साहेबांच्या शिफारशीवरून कंपनीच्या देश-परदेशातल्या सगळ्या रिगांवर 'कोपर-दक्षता सप्ताह' पाळायचा ठरला होता. युनिटपाशी दोन्ही कोपर शरीराला चिकटवून उभं राहायचं. वर एका माणसाचं चित्र होतं, त्याचे कोपर लाल रंगात दाखवले होते आणि भोवती फुलीचं चिन्ह. चित्रातला माणूस सुनिलसारखा मुळीच दिसत नव्हता. तरी ऋषभने फोन पालथा घातला. सुनिलच्या कोपराला आता परदेशी माणसंही ओळखत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बाइक काढली. सुनिलला भेटून येतो म्हटल्यावर कुसुमबाईंनी मागच्या सीटवर चिकूचं खोकं बांधलं. कशाने, ते सांगायला नको.

घोलवडहून तलासरीला सरळ रस्ता आहे. ऋषभ डहाणूवरून गेला. डहाणूहून चारोटीला आला, हायवेवरच्या टपरीवर चहा घेतला, मग आणखी एक घेतला. विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या देवळात जाऊन आला. देवीला त्याने काही मागितलं नाही. मागायला तोंडच नव्हतं. त्याने नुसतं घडलेलं सांगून बघितलं, तालीम म्हणून. देवीसमोर सांगताना ते नीट जमलं. देवीने मधे एकही प्रश्न विचारला नाही, हे एक सोयीचं होतं.

पाड्यावर पोचेपर्यंत दुपार झाली. भात कापून झालं होतं आणि अंगणात पेंढ्या रचलेल्या होत्या. सुनिल ओट्यावर बसला होता. त्याच्या उजव्या कोपराला जुन्या लुगड्याची जाड पट्टी गुंडाळलेली होती.

लागलं का काय, ऋषभने विचारलं.

उत्तर सुनिलच्या बायकोने, पुष्पाने दिलं. लागलं काही नाही, ती म्हणाली, लाज लागलीय. या माणसाने पट्टी अशासाठी बांधलीय, की हात कुठे जातोय याची आठवण राहावी. पाण्याचा तांब्या दिला तरी आधी कोपर बघतो, मग घेतो. भात कापायला दोन दिवस गेला, तर शेजारच्या बायांना म्हणाला, लांब राहा, माझा हात कुठे जातो मला कळत नाही. त्या बाया अजून हसतात. चुलत्याने टेम्पो चालवायला बोलावलं, तर नाही म्हणाला. टेम्पोला किती हँडलं असतात म्हणून.

"एकच असतं," सुनिल गंभीरपणे म्हणाला. "पण माझ्याच्याने पाइप कापला गेला, दादा. टेम्पोत तर माणसं बसतात."

मग त्याने ऋषभची माफी मागितली. तुझ्या शब्दावर मला घेतलं आणि मी तुझं नाव घालवलं, असं म्हणाला. तुझ्यावर काही आलं नाही ना, असंही विचारलं. पुष्पाने चहा आणला. ऋषभने कप हातात घेतला आणि ओठांपर्यंत नेऊन परत खाली ठेवला. देवळात पाठ केलेलं सगळं भाषण विवळवेढे ते तलासरीच्या दरम्यान कुठेतरी सांडलं होतं.

"तुझा कोपर लागला नाही," तो म्हणाला. "हाराने झालं. मी घातलेल्या हाराने. झाकण पण मीच उघडलं होतं."

सुनिलने त्याच्याकडे बघितलं आणि तो हसला. मोठ्या भावाने समजूत काढल्यावर हसतात तसा. पुष्पाला म्हणाला, बघ, माझ्यासाठी स्वतःवर घेतोय. पुष्पाचे डोळे भरून आले. असा माणूस शोधून मिळायचा नाही, ती म्हणाली, आणि चहात आणखी साखर हवी का, असं विचारायला लागली.

आपण खरं बोललो तर सुनिल चिडेल, मारेल, थुंकेल, हे सगळं ऋषभ रस्त्यात धरून चालला होता. आपल्याला थोर ठरवेल हे त्याच्या हिशेबात कुठेच नव्हतं. क्षणभर त्याला वाटलं, प्रयत्न केला आपण, आता निघावं. तसं वाटल्याचीच त्याला एवढी किळस आली, की तो ताडकन उठला.

कुडाच्या भिंतीवर खुंट्यांना एका ओळीत विळे टांगले होते. त्याने बाइकवरचं खोकं ओट्यावर आणून सुतळी सोडवली. चिकू गडगडत अंगणभर गेले, आणि कोंबड्या बघायला आल्या. त्याने विळ्यांच्या पात्यांना एकामागून एक सुतळी बांधली, ताणून, गाठ मारून. हे पहिलं हँडल, तो म्हणाला. हे ड्रिलरने फिरवलं. आणि त्याने पहिला विळा डावीकडे ओढला. बाकीचे विळे मुकाट डावीकडे गेले. पुन्हा ओढला. पुन्हा गेले.

सुनिल उठून भिंतीपाशी आला. त्याने स्वतः पहिला विळा धरून हळूच ओढला आणि शेवटच्या विळ्याकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, हार कुठे गेला. समुद्रात सोडला, ऋषभने सांगितलं. सुनिलने विचारलं, चौकशीच्या आधी का नंतर. ऋषभ म्हणाला, आधी. पुष्पाने चहाचे कप उचलून आत नेले. ऋषभच्या कपात चहा तसाच होता.

साहेबाला आत्ता फोन करतो, ऋषभ म्हणाला. पाड्यावर रेंज फक्त पेंढ्यांच्या ढिगावर यायची. म्हणून दोघंही ढिगावर चढले. गुडघ्यापर्यंत पेंढ्यांत रुतून, फोन वर धरून, ऋषभने देवस्थळी साहेबांना लावला आणि स्पीकर चालू केला.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. टोपण लावल्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, की हे प्रकरण आता मिटलेलं आहे. अहवाल गेला, कोपर-दक्षता सप्ताह सुरू झाला, वरून कौतुकही आलं. शिवाय कंपनीच्या संगणकात अपघाताची कारणं निवडायची एक यादी आहे, तिच्यात मानवी चूक आहे, गंज आहे, वीज पडणंसुद्धा आहे, पण झेंडू नाही. ऋषभने जरा विचार करावा. दोन दिवसांनी बोलू. त्या मुलासाठी काहीतरी दुसरीकडे बघता येईल.

विचार करूनच बोलतोय, ऋषभ म्हणाला. झाकण मी उघडं ठेवलं. चौकशीत मी तुमच्यासमोर खोटं बोललो. हे मी आजच लिहून तुम्हाला पाठवतो, आणि वरच्या साहेबांनाही पाठवतो.

पलीकडे टोपण काढल्याचा आवाज आला. मग साहेबांनी विचारलं, तो मुलगा तिथे आहे का. आहे म्हटल्यावर ते म्हणाले, की जबाबावर सही त्याची आहे. कोपर लागला असं तोच म्हणाला होता. आता त्यानेच सांगावं.

ऋषभने फोन सुनिलपुढे धरला. साहेबाने विचारलं आणि 'असेल' म्हटलं नाही, असं त्याने आजवर कधी केलं नव्हतं. खाली अंगणात पुष्पा चिकू गोळा करायची थांबून वर बघत होती.

"नाही साहेब," सुनिल म्हणाला. "माझा कोपर कुठे लागला नाही. मी काच पुसत होतो."

नक्की का, साहेबांनी विचारलं.

"नक्की. हँडलं माझ्या डोळ्यांसमोर आपली आपली फिरली. मी बघितलं होतं. तुम्ही विचारलंत म्हणून मला वाटलं, आपण चुकीचं बघितलं."

मग फाइल उघडावी लागेल, देवस्थळी साहेब म्हणाले. सुनिलचा पास सोडायला सांगतो. सावे, तुम्ही बोलावल्याशिवाय येऊ नका. बोलावू की नाही, ते मी आज सांगू शकत नाही. एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

दोघं ढिगावर तसेच उभे राहिले. तिथून उतरायचं म्हणजे एकमेकांना हात द्यावा लागला असता, आणि हात कोणी पुढे करेना. शेवटी ऋषभ बसला आणि घसरत खाली आला. सुनिलही मागून आला. त्याने अंगावरचा पेंढा झटकला. दोन्ही हातांनी, जोरजोरात, कोपराकडे न बघता.

ऋषभ माफी मागायला लागला, तर सुनिलने त्याला थांबवलं.

"आता घरी जा, दादा," तो म्हणाला. "मला तुझ्यावर रागवायचंय. तू असा समोर उभा राहिलास तर मला ते जमायचं नाही."

ऋषभने मान हलवली आणि बाइक सुरू केली. या वेळी त्याने सरळ रस्ता घेतला.